शेपूट तुटलेली नाही, ती तेवढीच असते

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका ताईंचा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री वळवाचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात लिंबाच्या झाडाखाली एक पक्षी पाचोळा उचकटत बसलेला त्यांना दिसला. पाठ हिरवी, खांद्यावर चमकता निळा, पोटाखाली लालभडक, डोळ्यावरून काळी पट्टी. शेपूट जवळजवळ नाहीच. सासूबाई म्हणाल्या, खंड्या आहे. शेजारच्या काकूंनी निदान केलं की मांजरानं शेपूट तोडली असणार. यजमानांनी मोबाइलवर दोन फोटो काढले, एक बसलेला आणि एक उडतानाचा. दोन्ही हललेले. संध्याकाळी दोन सुरांची शीळ ऐकू आली. तीन दिवस तो पक्षी होता, मग दिसेनासा झाला. ताई विचारतात: हा कोणता पक्षी, हा गाणारा पक्षी आहे का, तो राहतो कुठं आणि पुन्हा बघायला कुठं जाऊ, सागरेश्वरला दिसेल का?

ताई, हा नवरंग. फोटो उघडायच्या आधीच मी नव्वद टक्के ठरवून टाकलं होतं, आणि ते रंगांवरून नाही. जूनचा पहिला आठवडा, पावसाची रात्र, जमिनीवरचा पाचोळा, नसल्यासारखी शेपूट, तिन्हीसांजेची दोन सुरांची शीळ. एवढं एकत्र आलं की सातारा-सांगलीकडं दुसरा पक्षी उरतच नाही. रंग तुम्ही सांगितले नसते तरी चाललं असतं.

शेजारच्या काकूंना सांगा, मांजरावरचा आळ खोटा आहे. नवरंगाची शेपूट मुळात तेवढीच असते. बसलेला असताना पंखांची टोकं आणि शेपटीचं टोक जवळपास एकाच जागी संपतात, म्हणून मागून कापल्यासारखा वाटतो. हे अडीचशे वर्षांपूर्वी, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्याही नजरेत भरलं होतं. 1766 मध्ये त्यानं या पक्ष्याचं नाव ठेवलं कॉर्व्हस ब्रॅकियुरस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ आखूड शेपटीचा. पहिल्या शब्दाचा अर्थ मात्र कावळा! बिचाऱ्यानं जिवंत नवरंग कधी पाहिलाच नव्हता. पुढं 1816 मध्ये त्याच्यासाठी पिट्टा ही वेगळी प्रजाती झाली. हा पिट्टा शब्द तेलुगूतला, अर्थ नुसता ‘लहान पक्षी’. म्हणजे शास्त्रीय नावाचा सरळ अर्थ झाला ‘आखूड शेपटीचं पाखरू’. आपलं नवरंग त्यापेक्षा किती छान.

नऊ रंग खरंच आहेत का, हे लोक नेहमी विचारतात. माझी मोजणी सातावर थांबते: हिरवी पाठ, खांद्यावर आणि कमरेवर चमकता आकाशी, डोळ्यावरची काळी पट्टी, तिच्यावरची पांढरी भुवई आणि पांढरा गळा, डोक्याच्या दोन्ही बाजू तपकिरी, छाती-पोट पिवळट बदामी, आणि पोटाच्या खालच्या टोकाला शेपटीखालपर्यंत कुंकवासारखा लाल. आमचा नातू पायांचा गुलाबी आणि चोचीचा धरून नऊ पुरे करतो. करू द्या. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळं ‘हा नर का मादी’ या प्रश्नाला उत्तर नाही.

आता सासूबाईंचा खंड्या. त्यांची चूक नाही, निळा चमकला की आपल्याकडं पहिलं नाव खंड्याचंच येतं. पण खंड्याची चोच अंगाच्या मानानं दांडग्यासारखी लांब आणि जाड, आणि पाय इतके तोकडे की तो चालतच नाही, नुसता बसतो. तारेवर, खांबावर, फांदीवर बसून खाली बघत राहायचं आणि सूर मारायचा, हे त्याचं काम. तुमचा पक्षी जमिनीवर उड्या मारत होता, थांबत होता, चोचीनं पान उलटत होता. नवरंगाचे पाय लांब आणि मजबूत असतात, जमिनीवर वावरायलाच केलेले. पुढच्या वेळी निळा पक्षी दिसला की पाय बघा. पायांवरून निम्मे प्रश्न सुटतात.

ज्याच्याशी खरी गल्लत व्हावी असा पक्षी वेगळाच आहे, आणि त्याचं नाव तुमच्या घरात कुणी घेतलं नाही. नारिंगी डोक्याचा कस्तूर. हाही दाट झाडीत जमिनीवर पाचोळा उलटतो, हाही पावसात गातो, हाही लाजरा. घाईत झुडपाआड दिसला तर मीसुद्धा दोनदा फसलोय. पण त्याचं डोकं आणि पोट एकसारखं नारिंगी, पाठ करडी-निळी, गालावर दोन उभ्या गडद रेघा आणि शेपूट व्यवस्थित लांब. अंगावर हिरवा कुठंच नाही. आणि त्याचं गाणं लांबलचक, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला मिसळलेलं. नवरंगाकडं असलं काही नाही. दोन सूर, संपलं.

आणि इथं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं, थोडं विचित्र वाटेल असं. नवरंग काटेकोरपणे बोलायचं तर गाणारा पक्षी नाही. चिमणीच्या मोठ्या गणात तो आहे, फांदी पकडून बसणाऱ्या पक्ष्यांत. पण या गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एका शाखेत बुलबुल, दयाळ, कस्तूर, सूर्यपक्षी, मुनिया, कावळासुद्धा. त्यांच्या स्वरयंत्राला स्नायूंची गुंतागुंतीची जोडणी असते आणि पिल्लं थोरांचं ऐकून गाणं शिकतात. दुसऱ्या शाखेची स्वरयंत्रणा साधी, आणि त्यातल्या बहुतेकांचं गाणं शिकून येत नाही, ते उपजतच असतं. नवरंग या दुसऱ्या शाखेतला. त्या शाखेचे बाकीचे भारतीय सदस्य मुख्यतः ईशान्येच्या जंगलांत आणि पूर्व किनाऱ्याच्या खारफुटीत. आपल्या महाराष्ट्रात तो एकटाच. दयाळाला गुरू असतो, नवरंगाला नसतो, असं म्हणा हवं तर.

पण त्या दोन सुरांची ताकद बघा. पहिला सूर चढता, दुसरा उतरता. ‘व्हीट-ट्यूऽ’ असं काहीसं, स्वच्छ, पोरं दोन बोटं तोंडात घालून शीळ मारतात तसं. झाडाच्या मधल्या फांदीवर बसून डोकं मागं टाकतो आणि सगळं अंग हलवून ओरडतो. वेळ ठरलेली: उजाडता उजाडता आणि दिवस मावळताना. आभाळ गच्च असेल तर दुपारीही. एकानं सुरुवात केली की घळीतून दुसरा जबाब देतो, मग तिसरा. तमिळमध्ये त्याला आरुमणी कुरुवी म्हणतात, सहा वाजताचा पक्षी. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. तुम्ही संध्याकाळी शीळ ऐकली म्हणालात, घड्याळ बघितलं असतं तर पावणेसात-सात झाले असते. जूनमध्ये आपल्याकडं दिवस उशिरा मावळतो, आणि तो घड्याळ नाही, उजेड बघतो.

तो विश्रामबागेत का आला, हे आता सांगतो.

नवरंग आपल्याकडं बारा महिने नसतो. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. उन्हाळ्याच्या शेवटी उत्तरेकडं निघतो. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत आणि आपल्या सह्याद्रीत त्याची विणीची ठिकाणं आहेत. आपल्या भागात मेचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे वळीव आणि मोसमी पावसाच्या सांध्यावर, तो येतो. प्रवास रात्री करतो. दिवसा जमिनीवर वावरणारा, गोलमटोल अंगाचा, आखूड शेपटीचा पक्षी रात्री शेकडो किलोमीटर उडतो यावर माझा पहिली काही वर्षं विश्वासच बसत नव्हता. मग रात्री वादळी पाऊस लागला, शहराचा उजेड दिसला, दम संपला की तो उतरतो. जिथं उतरेल तिथं. व्हरांड्यात, जिन्यात, दुकानाच्या शटरपाशी, एकदा तर एका महाविद्यालयाच्या काचेच्या भिंतीखाली पडलेला मला बोलावून दाखवला होता. तुमच्याकडं लिंबाखाली ओला पाचोळा आणि त्यात किडे-गांडुळं मिळाली, म्हणून तीन दिवस राहिला. पोट भरलं, पुढं गेला. तो तुमच्याकडं राहायला आला नव्हता, मुक्कामाला आला होता.

आता तिसरा प्रश्न, राहतो कुठं. इथं जरा सविस्तर बोलतो, कारण लोक पक्षी शोधायला चुकीच्या जागी जातात.

नवरंगाला चार गोष्टी लागतात: वर सावली, मध्ये गच्च झुडपं, खाली पाचोळ्याचा थर, आणि तो थर ओला. सगळा मामला पाचोळ्याचा आहे. त्यात किडे, अळ्या, कोळी, गोगलगाई आणि पावसाळ्यात मुबलक गांडुळं. पिल्लं असताना नवरंगाच्या चोचीत गांडुळांची जुडीच्या जुडी लोंबताना दिसते, मिशा फुटल्यासारखी. तो पावसाच्या तोंडावर येतो त्याचं कारण हेच: पाऊस पडल्यावर गांडुळं वर येतात आणि तेव्हाच त्याची पिल्लं खायला मागतात.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पश्चिमेला ओले, पूर्वेला कोरडे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि आटपाडी-जतकडं पाचशेच्या आसपास. नवरंगाचं घर यांच्या मधल्या पट्ट्यात आणि त्याच्या पश्चिमेला. साताऱ्याला यवतेश्वरच्या उतारावरची झाडी, सज्जनगडच्या आणि परळी खोऱ्यातल्या घळी, ठोसेघरकडची रानं, जावळी, बामणोली, कोयनेचं खोरं. सांगली जिल्ह्यात शिराळा तालुका, वारणेचं वरचं खोरं आणि चांदोलीचा परिसर. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळं आत जायचं तर परवानगी लागते आणि पावसाळ्यात प्रवेश बंदच असतो. पण नवरंगासाठी आत जायची गरजही नाही. गावाशेजारची देवराई किंवा ओढ्याकाठची करवंदीची जाळी पुरते.

कासला मात्र त्याला शोधायला जाऊ नका. दर वर्षी कुणीतरी सप्टेंबरात फुलं बघून येतं आणि म्हणतं, नवरंग नाही दिसला. अहो, कासचं पठार म्हणजे जांभ्याचा उघडा सडा, तिथं चंडोल भेटेल. नवरंग त्या पठाराच्या कडेवरून खाली उतरलात की झाडीत. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, खाली कारवी आणि करवंद, असं रान दिसलं की थांबा.

सागरेश्वरबद्दल तुम्ही खास विचारलंय, कारण सांगलीहून ते जवळ. सागरेश्वर अभयारण्य सुमारे 10.87 चौरस किलोमीटरचं, माणसांनी लावून वाढवलेल्या रानाचं. सांबर, चितळ, काळवीट बघायला उत्तम. पण डोंगर कोरडा आहे. येण्याच्या दिवसांत, पाऊस पडून गेल्यावर, खालच्या घळीतल्या झाडीत नवरंग उतरलेला मिळू शकतो. जुलैत वीण करताना बघायचा असेल तर गाडी शिराळ्याकडं वळवा. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरालाही हेच लागू, आणि सांगलीतल्या आमराईलासुद्धा. या मुक्कामाच्या जागा आहेत, घराच्या नाहीत.

घरटं त्याचं बघण्यासारखं, म्हणजे सुबक म्हणून नव्हे, गबाळं म्हणून. काटक्या, मुळं, वाळकी पानं यांचा फुटबॉलएवढा गोळा, बाजूनं आत जायला भोक. कधी जमिनीवर, कधी झाडाच्या बेचक्यात. लांबून पुरात वाहून आलेला कचरा अडकल्यासारखा दिसतो, आणि तोच त्याचा बचाव. आत चार-पाच पांढरी, चकचकीत, जांभळट ठिपक्यांची अंडी. नर-मादी दोघंही उबवतात, दोघंही भरवतात. एवढं मी सांगतोय ते माहितीसाठी. घरटं शोधायला जाऊ नका. आपण वाट पाडली की त्याच वाटेनं मागून कावळा आणि मुंगूस येतं.

एक कबुलीही देऊन टाकतो. फोनवर रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून नवरंगाला समोर आणायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मीही करायचो. ठोसेघरच्या बाजूला एका जुलैत शीळ वाजवली, पक्षी तीन मिनिटांत समोर, फोटो झकास. मग लक्षात आलं, त्याच्या चोचीत गांडुळं होती. तो पिल्लांकडं निघाला होता आणि आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून माझ्याभोवती फिरत राहिला. अर्धा तास. मी फोन बंद करून खाली उतरलो तरी त्याचं ओरडणं थांबलं नव्हतं. तो फोटो मी आजवर कुणाला दिला नाही. तेव्हापासून शीळ फक्त ऐकतो.

त्याला बघायचा साधा मार्ग बसून राहण्याचा आहे. सकाळी साडेपाचला झाडीच्या कडेला पोहोचा. मळकट कपडे घाला, पांढरा रेनकोट नको. शीळ ऐकू आली की त्या दिशेनं चालू नका, खाली बसा. शीळ थांबली म्हणजे तो जमिनीवर उतरलाय असं समजा आणि पाचोळ्याच्या आवाजाकडं कान लावा: टप, टप, थांब, टप. शेपटीचा तो बुटका तुकडा हळूहळू वर-खाली हलताना आधी दिसतो, रंग नंतर. हिरव्या पाठीचा पक्षी हिरव्या झुडपाखाली इतका विरघळतो की लोकांना पटत नाही. चाहूल लागली तर उडून लांब जात नाही, जवळच्याच बुटक्या फांदीवर चढून निश्चल बसतो. तेव्हा तुम्हीही निश्चल बसायचं. कोण आधी कंटाळतं ते बघायचं. जळवा मात्र तुमची वाट बघत असतातच, पायमोज्यात तंबाखूची पूड घालायला विसरू नका.

परळी खोऱ्यात माझी एक ठरलेली घळ आहे. एका वर्षी मार्चमध्ये वरच्या डोंगराला वणवा लागला तो थेट घळीत उतरला. झाडं जगली, जूनमध्ये हिरवीही झाली. लांबून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटलंच नसतं. पण पाचोळा जळून गेला होता, आणि दोन पावसाळे तिथं शीळ ऐकू आली नाही. तिसऱ्या वर्षी एक आला. आपल्याकडं गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवायची जुनी खोड आहे. तिचा हिशेब लोक झाडांत मांडतात. नवरंगाचा हिशेब झाडांच्या खाली असतो.

तुमच्या परसातही तेच. लिंबाखालचा पाचोळा झाडून पेटवत असाल तर निदान एका कोपऱ्यात राहू द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवरंग परत दक्षिणेकडं निघतात. तेव्हा ते शीळ जवळजवळ घालत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाहीत. कोपरा असेल तर कळेल.

आणि पुढच्या जूनमध्ये एखादा थकून जिन्यात किंवा काचेला आपटून पडलेला सापडला, तर घाबरू नका. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाला जुनं सुती कापड घाला, त्यात त्याला ठेवून झाकण लावा आणि अंधाऱ्या, शांत खोलीत तास-दोन तास ठेवा. चोच उघडून पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जातं. भात, बिस्किट, दूध काही नको. सारखं झाकण उघडून बघायचा मोह आवरा, विशेषतः पोरांना आवरा. सावध झाला की उजेड असताना झाडीजवळ खोकं उघडून बाजूला व्हा. पंख लोंबत असेल, रक्त असेल तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. पिंजऱ्यात ठेवायचा विचार कुणी बोलून दाखवला तर सांगा, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

शेवटी फोटोंचं. बसलेल्या फोटोत काही कळत नाही, लिंबाचं पान आणि पक्षी एकच झालेत. दुसऱ्या, उडतानाच्या फोटोत पंखावर जो पांढरा ठिपका आलाय, त्याला यजमान फ्लॅशचा उजेड म्हणतात ना? तो उजेड नाही. नवरंगाच्या पंखाची टोकाकडची मोठी पिसं काळी असतात आणि त्यात पांढरा चट्टा असतो. बसला की तो झाकला जातो, उडाला की क्षणभर दिसतो. माझी उरलेली दहा टक्के शंका त्या हललेल्या फोटोनं घालवली. तो पुसू नका.